डोंगर लावला, राखणार कोण?

चौथीत असताना आमच्या गुरुजींनी पाटीवर गावाचं चित्र काढायला सांगितलं होतं. मी ओढा काढला, देऊळ काढलं, मागं डोंगर काढला आणि डोंगरावर चार झाडं उभी केली. गुरुजी हसले. म्हणाले, "ही झाडं कुठनं आणलीस?" आणि ओल्या बोटानं त्यांनी ती पुसून टाकली. त्यात त्यांची काही चूक नव्हती. १९७० च्या सुमाराची ही गोष्ट. आमच्या डोंगरावर तेव्हा झाड म्हणून नव्हतंच. होतं ते कुसळी गवत, तेही दिवाळीपर्यंत. पुढं सगळा तांबडा मुरूम आणि काळा खडक.

पुढं मी स्वतः मास्तर झालो. माझ्या वर्गातली पोरं गावाचं चित्र काढायची, तेव्हा त्यांचा हिरवा खडू आधी संपायचा. हा डोंगर आपोआप हिरवा झालेला नाही. तो माणसांनी लावला. आज त्या लावलेल्या डोंगराविषयी बोलायचं आहे. कौतुक करणार आहेच, पण एक हिशेबही मांडायचा आहे. तो बरीच वर्षं माझ्या मनात अडकून राहिला आहे.

आमचं गाव लहान, सागरेश्वराच्या डोंगराच्या पायथ्याशी. जवळचं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं आजोळ. १२ मार्च १९१३ ला त्यांचा जन्म तिथंच झाला. त्या वेळी हा सगळा मुलूख सातारा जिल्ह्यात होता. १९४९ साली दक्षिण सातारा निराळा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. आमचे आबा मात्र शेवटपर्यंत "आपल्या साताऱ्यात" असंच म्हणायचे. सातारा काय नि सांगली काय, दोन्ही जिल्ह्यांचं एक सारखंच आहे. पश्चिमेला गेलात तर महाबळेश्वर, कोयना, चांदोली. पावसानं झोडपलेलं दाट रान. तिथनं पूर्वेकडं निघालात की दर दहा कोसांवर पाऊस कमी होत जातो आणि माण, खटाव, आटपाडी, जतकडं पोचेपर्यंत डोंगर बोडके होतात. आमचा सागरेश्वर या दोहोंच्या मध्ये, पण आम्ही त्याला बोडक्यांतच जमा करून ठेवलेला.

आमचा गुन्हा लपवत नाही. डोंगर बोडका केला तो आम्हीच. पायथ्याच्या प्रत्येक घरात चूल होती आणि चुलीला जळण डोंगरावरनं यायचं. प्रत्येक दावणीला शेरडं होती. आमच्या आबांकडं तीसेक शेरडं-मेंढरं. रोज सकाळी कांबळं खांद्यावर टाकून ते कळप डोंगरावर घालायचे. शेळी रोपाचा शेंडा खाते, मेंढी बुडखा खाते, उरलेलं उन्हाळ्यात वणव्यात जातं. देवळाजवळची झाडं तेवढी टिकली, कारण तिथं देवाचं भय. सागरेश्वराच्या आवारात जुन्या लहान-मोठ्या देवळांचा पुंजका आहे. श्रावणी सोमवारी तिथं गर्दी होते. त्या सावलीत बसून आम्ही वर उघड्या डोंगराकडं बघायचो आणि देवाची सावली देवळापुरतीच का, असा प्रश्न कुणाला पडायचा नाही.

मग १९७२ चा दुष्काळ आला. माझ्या वयाच्या माणसांना त्याविषयी फार सांगावं लागत नाही. खडी फोडायची कामं, सुकडी, तांबडी मिलो. माझी आई कामावर जायची. आधी खडी फोडली, पुढं रोजगार हमीवर डोंगराचे चर खणले. उताराला आडवे, एका पातळीत. पडलेलं पाणी पळू नये, चरात थांबावं, मुरावं, आणि चराच्या भरावावर रोप धरावं, असा त्याचा हेतू. आईला हेतू वगैरे माहीत नव्हता. तिला रोज किती हात खणायचं आणि आठवड्याला किती पैसे मिळायचे, एवढं माहीत होतं. पण पुढं पन्नास वर्षांनी, डोळ्यांनी दिसेनासं झाल्यावरसुद्धा, ती डोंगराच्या दिशेला बोट करून सांगायची, "तिसऱ्या वळणाचा चर माझा हाय."

या डोंगरावर जंगल उभं करायचं हे वेड घेतलं ते मोहित्यांचे वडगावच्या धोंडीराम महादेव मोहिते यांनी. धों. म. मोहिते. लोक त्यांना वृक्षमित्र म्हणून ओळखतात. उघड्या डोंगरावर झाडं लावायची, ती जगवायची आणि तिथं जनावरं आणून सोडायची, असं त्या काळी कुणी बोललं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. मोहित्यांनी ते धरून ठेवलं, सरकारच्या मागं लागले, गावोगावच्या लोकांना गोळा केलं. वन खातं, पायथ्याची गावं आणि कामावर आलेली हजारो माणसं या सगळ्यांच्या हातून ते काम झालं.

शहरातल्या श्रोत्यांना वृक्षारोपण म्हटलं की एक खड्डा, एक रोप आणि एक फोटो आठवत असेल. डोंगर लावायचा म्हणजे तसं नाही. खड्डे उन्हाळ्यातच घ्यावे लागतात. ऊन खाल्लेली माती भुसभुशीत होते. मुरूम इतका कडक की पहारीच्या टोकातनं ठिणग्या निघतात. रोपं पिशव्यांतनं तयार करायची, पहिला पाऊस पडून जमीन ओली झाली की डोक्यावरनं वर न्यायची आणि आठ-पंधरा दिवसांत लावून संपवायची. उशीर झाला तर मुळं धरत नाहीत. आणि एवढं करून पुढच्या उन्हाळ्यात कितीतरी रोपं वाळून जातात. मग पुन्हा नांग्या भरायच्या. पिकात मोकळ्या जागी पुन्हा बी टोकतात, तसं गेलेल्या रोपाच्या जागी दुसरं रोप. पुन्हा गेलं तर तिसरं. आमच्या आईच्या भाषेत, "डोंगर एकदा लावला न्हाई, पाच येळा लावला."

झाडं कोणती लावली, हेही महत्त्वाचं. पुढच्या गोष्टीशी त्याचा संबंध आहे. देशी झाडं होती, पण त्यांच्याबरोबर त्या काळच्या पद्धतीप्रमाणे सुबाभूळ, निलगिरी आणि गिरिपुष्पही लावलं गेलं. गिरिपुष्पाला आमच्याकडं उंदीरमारी म्हणतात. हे झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं. मुरमाड जमिनीत तगतं, तोडलं तरी फुटतं, आणि मुख्य म्हणजे जनावरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. ज्या डोंगरावर शेळी हाच झाडाचा मोठा वैरी, तिथं शेळी न खाणारं झाड लावणं हे शहाणपणच होतं. आज पुस्तकं वाचून त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. त्या वेळी काहीतरी जगणं हेच मोठं होतं.

लागवडीबरोबर चराईबंदी आली, कुऱ्हाडबंदी आली. डोंगर बंद झाला. इथं आमच्या घरात पहिलं भांडण झालं. ज्या डोंगरावर आई चर खणत होती, त्याच डोंगरावर आबांची शेरडं जायची. वर्षभर त्यांनी पहाटे, अंधारात, चोरून कळप घातला. एकदा रखवालदारानं धरलं. दंड भरला. घरी येऊन आबा उंबऱ्यावर बसले आणि आईला म्हणाले, "तू खणतीस ती माझी कबर हाय." आई काही बोलली नाही. त्या दिवाळीच्या आधी बाजारात शेरडं विकली गेली. बाजारात सगळ्या पायथ्याचीच शेरडं उतरलेली, त्यामुळं भावही पडलेला. आबा त्यानंतर सहा वर्षं जगले. पण डोंगराकडं तोंड करून बसले नाहीत.

हे मी मुद्दाम सांगतो आहे. जंगल उभं राहिल्याची गोष्ट सांगताना आपण लावणाऱ्यांची नावं घेतो, आणि ती घेतलीच पाहिजेत. पण कुणाची शेरडं विकली गेली हे कुठं लिहिलेलं नसतं.

१९८५ साली सागरेश्वर अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र १०.८७ चौरस किलोमीटर, म्हणजे सुमारे २,७०० एकर. राज्यातल्या इतर अभयारण्यांच्या मानानं अगदी लहान. पण कोयना किंवा चांदोलीचं रान निसर्गानं दिलेलं. हे माणसांनी केलेलं. मानवनिर्मित अभयारण्य म्हणून त्याचं नाव झालं. भोवती कुंपण घातलं. चितळ, सांबर, काळवीट बाहेरून आणून सोडले. मोर होतेच, ते वाढले. कोल्हे, साळिंदर, ससे यांना आसरा झाला. रणशूळ पॉइंटवर उभं राहिलं की खाली कृष्णाकाठची हिरवी पट्टी दिसते. दूरदूरच्या शाळांच्या सहली यायला लागल्या.

मीही पोरांना घेऊन जायचो. पहिल्यांदा चितळांचा कळप दिसला तो दिवस अजून आठवतो. वीस-पंचवीस पोरं, आणि एकाच्याही तोंडातनं आवाज नाही. त्यातलं एक पोरगं हळूच म्हणालं, "गुरुजी, हे आपलंच हाय का?" मी म्हणालो, "हो, आपलंच." त्या दिवसापासनं मी झाडांवर भाषणं करणारा मास्तर झालो. वृक्षदिंडी असो, वनमहोत्सव असो, कुठल्याही गावात बोलवा, मी जायचो. आईच्या चराची गोष्ट सांगायचो. टाळ्या पडायच्या. आबांच्या शेरडांची गोष्ट मात्र मी कधी सांगितली नाही.

आता दुसरं भांडण. हे माझ्या सख्ख्या भावाचं आणि माझं.

आमची वडिलोपार्जित तीन एकर जमीन डोंगराच्या कडेला आहे. मी नोकरीला, म्हणून ती धाकटा भाऊ करतो. रब्बीला शाळू, थोडा हरभरा. आता पाणी आल्यापासून थोडा ऊसही. सुरुवातीला कधीतरी एखादं हरीण शेतात दिसायचं, तेव्हा कौतुक वाटायचं. वहिनी पोरांना उठवून दाखवायची. मग दोन झाली, मग दहा. जाळी कुठंतरी फाटलेली असते, कुठं ओघळीच्या खालनं माती वाहून वाट झालेली असते. सांबर तर रात्रीचंच हिंडतं. शाळू गुडघ्याएवढा असताना एका रात्रीत अर्धा एकर असा दिसतो की जणू कुणी विळ्यानं कापला. भावानं शेताभोवती जुन्या साड्या बांधल्या. चार दिवस हरणं बिचकली, पाचव्या दिवशी साड्यांखालनं आली. डबे वाजवले, फटाके उडवले. शेजाऱ्यांनी झटका मशीन बसवलं, तेव्हा त्यांच्याकडची हरणं आमच्याकडं वळली. हे एकट्या आमच्या घरचं गाऱ्हाणं नाही. कुंपणाला लागून असलेल्या गावागावांत हीच तक्रार ऐकू येते.

निवृत्त झाल्यावर एका हिवाळ्यात मी भावाबरोबर राखणीला गेलो. माळ्यावर दोघं बसलो होतो, कांबळी पांघरून. पहाटे तीनच्या सुमाराला डोंगराच्या बाजूनं पानं वाजली. भावानं बॅटरी मारली, तर शाळवात चकाकते डोळे. आठ-नऊ जोड्या. तो ओरडला, डबा बडवला, ती पळाली, आणि अर्ध्या तासात पुन्हा आली. तो पुन्हा उठला. मी म्हणालो, "तू बस, मी हाकलतो." तो म्हणाला, "आण्णा, एक रात हाकलशील. मी पंधरा वर्सं हाकलतोय. तू झाडांची भाषणं करतोस, लोकं तुला नारळ देत्यात. राखण मी करतो, मला कोण काय देतं?"

मंडळी, या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. वन्य प्राण्यांनी पिकाचं नुकसान केलं तर सरकार भरपाई देतं, हे मी त्याला सांगितलं. त्यालाही ते माहीत होतं. ठरावीक मुदतीत अर्ज, सातबारा, पंचनामा, मग वाट बघणं. एका अर्जापायी दोन दिवसांची मजुरी बुडते, आणि नुकसान एकदाच होत नाही, रोज थोडं थोडं होतं. रोजच्या मूठभर शाळवाचा पंचनामा कुणी करायचा? म्हणून बरेचजण अर्जच करत नाहीत. आणि अर्ज नाहीत म्हणून कागदावर नुकसान दिसत नाही.

पण हरणं बाहेर का येतात? भावाला वाटतं, माजली म्हणून. मला वाटतं, भुकेली म्हणून. यात दोन-तीन गोष्टी आहेत, त्या शांतपणे समजून घेण्यासारख्या आहेत.

पहिली, चितळाचं मुख्य अन्न गवत. आम्ही लावलं ते रान. जिथं उंदीरमारी दाट माजली, तिथं खाली ऊन पोचत नाही आणि गवत धरत नाही. म्हणजे शेळी खात नाही म्हणून निवडलेलं झाड वाढलं, आणि त्यानं हरणाचंही ताट रिकामं केलं. काळवीट तर मोकळ्या माळाचं जनावर, त्याला दाटी सोसतच नाही.

दुसरी, जंगलात खाणाऱ्याच्या मागं खाणारा असतो. इथं चितळ-सांबर आणले, पण त्यांच्यावर वचक ठेवणारं मोठं जनावर नव्हतं. अलीकडच्या वर्षांत आमच्या भागात उसाच्या फडातनं बिबट्या हिंडायला लागला आहे, पण त्यानं हिशेब जुळत नाही. दोन हजार सातशे एकरांत किती तोंडं जगू शकतात याला मर्यादा आहे. मोठ्या रानात कळप पुढं सरकतो. इथं पुढं सरकायचं म्हणजे आमच्या शाळवात.

तिसरी, पाणी. उन्हाळ्यात डोंगरावरचे पाणवठे भरावे लागतात. खाली मात्र ताकारी योजनेचं पाणी आल्यापासून बारमाही हिरवं आहे. वर वाळलेलं, खाली ओलं. जनावर कुठं जाईल हे सांगायला शास्त्रज्ञ नको.

आता कुणी म्हणेल, मास्तर, मग जंगल लावलं हे चुकलं का? नाही. मुळीच नाही. आमच्या विहिरीचं पाणी पूर्वी संक्रांतीला तळ गाठायचं, आता तसं होत नाही. ते डोंगरामुळं की ताकारीच्या कालव्यामुळं, यावर गावात वाद आहे. मी तो मिटवायला बसत नाही. पण पहिल्या पावसाला डोंगरावरनं जो तांबडा लोंढा ओढ्याला यायचा, बांध फोडून जायचा, तो मी लहानपणी बघितला आहे. आता तितकी माती वाहून येत नाही. पहाटे मोर ओरडतो. आणि डोंगर लावता येतो, हे आम्ही आमच्या डोळ्यांनी बघितलं. माण-खटावपासून जतपर्यंत जिथं जिथं बोडका डोंगर आहे, तिथं हे सांगण्यासारखं आहे.

चुकलं ते एवढंच, की लागवड संपली असं आम्ही धरून चाललो. १९८५ साली पाटी लागली आणि आम्हाला वाटलं, काम झालं. शेतकऱ्याला असं कधी वाटतं का? पेरणी झाली की खुरपणी असते, राखण असते, काढणी असते. डोंगराचीही खुरपणी लागते. जिथं उंदीरमारीचा गर्दा झाला आहे तिथं ती टप्प्याटप्प्यानं विरळ करायची, मधल्या जागेत गवत धरायचं, आणि देशी झाडांच्या नांग्या भरायच्या. बोर, आवळा, उंबर, वड. ज्यांचा पाला नाहीतर फळ कुणाच्या तरी तोंडी लागेल अशी झाडं. पाणवठे उन्हाळाभर भरलेले ठेवायचे. कुंपण पावसाळ्यानंतर दरवर्षी फिरून बघायचं, आणि ते बघायचं काम पायथ्याच्याच पोरांना मजुरीवर द्यायचं. कळप फार वाढला तर जाणकारांच्या सल्ल्यानं जनावरं मोठ्या रानात न्यायची. आपल्याच पश्चिमेला कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आहे. तिथं चितळ-सांबराची गरज आहे, असं जाणकार म्हणतात.

आणि राखणीचा खर्च वाटून घ्यायचा. माझं खरं सांगणं हे आहे. डोंगराची हवा सगळ्या जिल्ह्याची, सहल सगळ्या शाळांची, अभिमान सगळ्या महाराष्ट्राचा. मग रात्रीची जागरणं तेवढी कडेच्या तीन एकरवाल्याची का? १९७२ साली देशात वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. हरणाला हात लावायचा नाही, हे आमच्या लोकांनी पाळलं. माझ्या भावानं पंधरा वर्षांत एका हरणाला दगड मारलेला नाही. ही त्याची बाजू झाली. दुसरी बाजू आपण सगळ्यांनी उचलायची आहे. भरपाई सोपी व्हावी, गावातल्या गावात मिळावी. प्रवेश शुल्काच्या पैशातला काही वाटा कडेच्या शेतांच्या कुंपणाला जावा. वन महोत्सवाला एक नारळ झाडं लावणाऱ्याला द्याल, तसा एक राखण करणाऱ्यालाही द्या.

गेल्या वर्षी आई गेली. तिसऱ्या वळणाच्या चरापर्यंत मी आणि भाऊ चढून गेलो. चर आता मातीनं जवळजवळ बुजला आहे. त्याच्या भरावावर एक जुना कडुलिंब आहे, दोन माणसांच्या कवेत मावणार नाही असा. भोवती सगळी उंदीरमारी. खाली गवताची काडी नाही. भाऊ बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "एवढी झाडं, आणि खायाला काय न्हाई त्यास्नी." पंधरा वर्षांत पहिल्यांदाच तो हरणांविषयी रागानं बोलला नाही.

उतरताना आम्ही एक ठरवलं. यंदाच्या वनमहोत्सवात भाषण मी करणार नाही. भाऊ करणार आहे. त्याला जमेल का माहीत नाही, त्यानं आजवर माईक हातात धरलेला नाही. पण राखणीविषयी बोलायचा अधिकार त्याचा आहे. तुम्ही कुणी त्या दिवशी सागरेश्वराला आलात, तर हरणं बघाच. आणि परत जाताना कुंपणाच्या बाहेरचं शेतही दोन मिनिटं थांबून बघा.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)